ब्याण्णवच्या पुढे

ब्याण्णवला ते आलं. एक्याण्णवपर्यंत गाडी शहाण्या मुलासारखी चालली होती. काटा एका रेघेने पुढे सरकला आणि आरशातला मागून येणारा ट्रक विरघळायला लागला. त्याच्या कडा गेल्या, नंबर गेला, नुसता एक पिवळा गोळा आरशात थरथरत राहिला. मग ते बुडाखालून वर चढलं, पाठीच्या मणक्यातून मानेत आलं आणि शेवटी दातांत जाऊन बसलं. त्याने पाय सैल केला. एकोणनव्वद. ट्रक पुन्हा ट्रक झाला. पुन्हा पाय दाबला, पुन्हा गोळा. "आलं का बोकांडी," तो स्वतःशीच म्हणाला. सकाळची दहाची वेळ, रस्ता मोकळा, मंगळवार. गुरुवारी याच गाडीतून दाजींना साठ किलोमीटरवरच्या व्यायाम केंद्रात न्यायचं होतं. आणि ही थरथर नेमकी कुठून येते हे पाच मिनिटांत सांगू शकणारा एकच माणूस त्याच्या ओळखीचा होता, तो म्हणजे दाजीच. ते आता काही सांगू शकत नव्हते.

दाजी म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान. नात्याने दाजी आणि धंद्याने भागीदार. बावीस वर्षं दोघांनी एका गॅरेजात, एका खड्ड्यात उतरून काम केलं आणि एका किटलीतला चहा प्यायला. वाटणी पहिल्या दिवशीच ठरली होती. इंजिन, क्लच, गिअरबॉक्स त्याचं; गिअरबॉक्सच्या मागे जे जे फिरतं ते दाजींचं. बाकीच्या गॅरेजांनी हात टेकले की थरथरणाऱ्या गाड्या या दोघांकडे यायच्या, आणि मग जो प्रकार व्हायचा तो बघून गाडीचा मालक आधी घाबरायचा आणि मग हसायचा. दाजी चपला काढायचे, मागच्या सीटच्या पुढ्यात गाडीच्या तळावर आडवे व्हायचे, आणि मधल्या पत्र्याच्या उंचवट्यावर उजव्या हाताचा पंजा पसरून डोळे मिटायचे. त्या उंचवट्याखाली शाफ्ट फिरत असतो, इंजिनाचा जोर मागच्या चाकांपर्यंत नेणारी लांब लोखंडी नळी. डावा हात चालवणाऱ्याच्या सीटच्या पाठीवर. बोलायला बंदी. "बोललास की तुझा आवाज माझ्या हातात येतो," दाजी म्हणायचे. म्हणून थापांची भाषा होती. एक थाप, वाढव. दोन थापा, कमी कर. थाप नाही, म्हणजे आहे तसंच ठेव, मी ऐकतोय. एका मालकाने विचारलं होतं, "गाडी बघायला आणलीय की यांना झोपवायला?" दाजी तळावरूनच म्हणाले होते, "साहेब, चाकाची थरथर मांडीला कळते आणि शाफ्टची दाताला. माझे दात अजून माझे आहेत तोवर घ्या बघून." मग पाच-दहा किलोमीटरवर ते उठून बसायचे, केस सारखे करायचे आणि सांगायचे: मागचा जॉइंट. किंवा, मधलं बेअरिंग. आणि तेच निघायचं. बावीस वर्षांत ते तीनदा चुकले, आणि त्या तिन्ही चुका त्यांना तारखेसकट पाठ होत्या.

दोघांनी मिळून बघितलेल्या शेवटच्या गाडीची तारीख मात्र त्यालाच पाठ होती. आठ महिन्यांपूर्वीची दुपार, कुणाची तरी पांढरी गाडी, वेग एकशे पाच. मोठ्या पुलावर एक थाप आली, त्याने वेग वाढवला. मग काही आलं नाही. थाप नाही म्हणजे तसंच ठेव. त्याने तसंच ठेवलं. पूल गेला, गोदामं गेली, निलगिरीची रांग गेली. वेग जराही हलू न देणं यात त्याची कसोटी असायची आणि त्या दिवशी काटा चिकटवल्यासारखा स्थिर होता, त्याचं त्यालाच कौतुक वाटत होतं. तो गुणगुणत होता. हे त्याने कुणालाही सांगितलेलं नाही, की तो गुणगुणत होता. वळणावरच्या पेट्रोल पंपापाशी त्याने हसत विचारलं, "काय दाजी, लागला का डोळा?" आणि मागे वळून पाहिलं. दाजींचे डोळे उघडे होते. तोंड एका बाजूला ओघळलं होतं आणि उजवा पंजा अजून उंचवट्यावर होता, कुणीतरी विसरून ठेवल्यासारखा. पुलापासून पंपापर्यंत त्या वेगाने अकरा मिनिटं लागतात. नंतर त्याने तेच अंतर त्याच वेगाने चार वेळा जाऊन मोजलं होतं. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, किती वेळ झाला? तो म्हणाला, "आत्ताच. लगेच घेऊन आलो." ताई धावत आली, तिने त्याचे काळे हात स्वतःच्या हातात धरले आणि म्हणाली, "तू होतास म्हणून हे वाचले रे." तेव्हापासून ती हे वाक्य येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगत असते, आणि तो प्रत्येक वेळी खाली मान घालतो. लोकांना तो विनय वाटतो. अकरा मिनिटांनी असा काय फरक पडला असता, असं तो स्वतःला समजावतो. ते त्याला पटतं, आणि दाढी करायला आरशासमोर उभा राहिला की पटेनासं होतं. दाजी तिथे पडल्या पडल्या शुद्धीवर होते का, त्यांनी ते गुणगुणणं ऐकलं का, हे जगात एकाच माणसाला ठाऊक आहे, आणि त्याची वाचा गेलेली आहे.

तर आता ही गाडी. ही दाजींची स्वतःची, जुनी, लांबलचक, मागच्या चाकांवर जोर असलेली. ती सहा महिने उभीच होती. व्यायाम केंद्राच्या फेऱ्या भाड्याच्या गाडीने व्हायच्या, त्या गाडीत चढता-उतरता दाजींचे हाल व्हायचे, म्हणून त्याने ही तयार करायला घेतली. क्लच नवा घातला. क्लचसाठी शाफ्ट उतरवावा लागतो, तो उतरवला. उतरवलाच आहे तर साफ करू म्हणून त्यावरचं वर्षानुवर्षांचं डांबर आणि गंज ग्राइंडरने घासून काढला, वर दोन हात काळा रंग दिला. नवऱ्या मुलासारखा शाफ्ट झाला. मनात हेच की दाजी बघतील. ते कसे बघणार होते, खड्ड्यात उतरून? पण मनात तेच होतं. आणि आता ब्याण्णवला हे. मंगळवारी दुपारी त्याने रीतसर सुरुवात केली. ब्याण्णववर गिअर काढून गाडी नुसती पळू दिली, थरथर तशीच. म्हणजे इंजिन निर्दोष. चाकं पुढची मागे केली, मागची पुढे, तशीच. मागची चाकं काढून गाडी लोखंडी घोड्यांच्या टेकूवर चढवली आणि गिअर टाकून जोरात फिरवली, तरी पाना बाकावरून थरथरत खाली पडला. म्हणजे शाफ्ट. म्हणजे दाजींचा प्रांत. दाजी शाफ्ट सोडवण्याआधी दोन्ही तोंडांवर मिळून पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढायचे, म्हणजे परत जोडताना ते होतं तसंच जुळतं. "जोडी मोडायचीच तर खूण ठेवून मोडावी," असं त्यांचं म्हणणं. रेघ त्यानेही ओढली होती, आणि वर हौसेने काळा रंग फासून तिचा पत्ताच पुसला होता. शहाणपण म्हणतात ते हेच. चार बोल्ट, म्हणजे जोडायच्या चार तऱ्हा. मंगळवारी त्याने दोन करून पाहिल्या, बुधवारी उरलेल्या दोन. प्रत्येक वेळी खड्ड्यात उतरणं, चार बोल्ट, बाहेर येणं, मोकळ्या रस्त्यापर्यंत जाणं, ब्याण्णव. चारही वेळा ट्रक, टेम्पो, एकदा एक शाळेची बस, आरशात विरघळून गेली. त्याला वाटलं की आपण मागे वळून पाहायचं सोडून आयुष्यभर आरशातच पाहत आलो.

बुधवारी चारला तो खड्ड्यात नुसताच उभा राहिला. डोक्यावर शाफ्ट, काळा, चकचकीत, दिसायला निर्दोष. त्याने पंजा त्यावर ठेवला आणि हाताने हळूहळू फिरवला, दाजी करायचे तसा. त्याच्या हाताला काही कळत नव्हतं. त्याचा हात गिअरबॉक्सच्या पुढचा होता. आणि मग बोटाखाली रंगाच्या आत एक सपाट जागा आली, अंगठ्याच्या नखाएवढी. त्याला एकदम शाफ्ट घासला ती दुपार आठवली. त्या दिवशी ताई केंद्रातून येऊन गॅरेजच्या दारातच उभी राहिली होती आणि म्हणाली होती, "पुढच्या महिन्यात ठरवणार म्हणे. हाताने आपणहून काही हालचाल दाखवली तर पुढे व्यायाम, नाहीतर बंद. दुसऱ्या पेशंटला जागा देणार." तो "बरं" म्हणाला आणि ग्राइंडर सुरू केला. हात चालू होते, डोकं पेट्रोल पंपावर होतं. डांबराखाली एक उंचवटा लागला, वेल्डिंगचा थेंब असेल असं वाटून त्याने तो घासून उडवला. उडताना ठिणग्यांत तो चौकोनी दिसला होता. त्याने पाहिला होता. वेल्डिंगचा थेंब कधी चौकोनी असतो? लांब शाफ्ट कुठेतरी सुताएवढा जड असतोच, आणि तो जोरात फिरताना नाचू नये म्हणून कारखान्यात त्याच्या हलक्या बाजूला लोखंडाची एक बारीक टिकली चिकटवतात. हे त्याला ठाऊक नव्हतं असं नाही. पण ठाऊक असणं आणि हाताला ठाऊक असणं यात फरक आहे. तो वर आला, दोरीला बांधलेलं चुंबक घेतलं आणि बाकाखालचा कचरा चाळला. लोखंडाचा कीस, दोन वॉशर, एक हरवलेला स्क्रू, आणि टिकली. एका बाजूने घासून चकाकलेली. तिच्या वजनाने तळहाताला कळतही नव्हतं की काही ठेवलंय. ती होती त्याच जागी, होती तेवढ्याच वजनाची बसवायची तर शाफ्ट यंत्रावर फिरवून बघायला हवा, आणि यंत्रवाल्याचं दुकान शुक्रवारी उघडणार होतं. नव्वदच्या आत ठेवली म्हणजे झालं, असं म्हणून त्याने ती शर्टाच्या खिशात टाकली.

गुरुवारी निघायलाच उशीर झाला. दाजींच्या शर्टाची बटणं ताई लावत होती, आणि दाजी डाव्या हाताने तिचा हात बाजूला सारून स्वतः लावू पाहत होते; त्या झटापटीत वीस मिनिटं गेली. त्यांना पुढच्या सीटवर बसवलं, त्याच्या डावीकडे. ताई मागे, कागदपत्रांची पिशवी मांडीवर घेऊन. दाजींचा उजवा हात तिने त्यांच्या मांडीवर उशीवर ठेवला, बाळ ठेवावं तसा. केंद्रातली वेळ साडेअकराची होती. त्याने पंचाऐंशीवर काटा धरला. दाजी गाडी ऐकत होते. डोळे समोर, पण ते ऐकत आहेत हे त्याला कळत होतं, आणि परीक्षेला बसल्यासारखा त्याच्या काखेत घाम आला. "क्लच नवा टाकलाय दाजी," तो म्हणाला. बोलायला बंदी आहे हे लगेच आठवलं. मागून ताई म्हणाली, "अरे, अकरा वाजून गेले. त्या बाई वेळेच्या फार कडक आहेत. जरा पळव की. एरवी दोघं मिळून कुठल्या कुठे उडवता गाड्या." तो म्हणाला, "पोचतो गं." "पोचतो काय? आज चुकलं तर सगळंच संपलं." हे तिने रागाने म्हटलं असतं तर बरं झालं असतं. तिने ते अगदी सरळ, पत्ता सांगावा तसं म्हटलं. त्याने पाय दाबला. नव्वद. एका वळणावर उशी सरकली आणि दाजींचा हात मांडीवरून घसरून दोन सीटांच्या मधल्या उंचवट्यावर पडला. तिथलं रबर त्याने कामासाठी काढलेलं होतं, उघडा पत्रा होता. ब्याण्णव, त्र्याण्णव. दातांत ते आलं. आणि मागून ताई ओरडली.

"अरे! अरे, हात बघ यांचा! बोटं बघ!"

त्याने खाली पाहिलं. आठ महिने मेलेली पाच बोटं पत्र्यावर हलत होती. बारीक, भराभर, कुणाची तरी वाट पाहत टेबलावर वाजवावीत तशी. करंगळी सगळ्यात जास्त. ताई दोन सीटांच्या मधून पुढे वाकली होती, तिचा श्वास त्याच्या कानाला लागत होता. "हलताहेत ना? तुला दिसतंय ना? अहो, हलवताय ना तुम्ही? अहो!" ती हसत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं, पुसायचं तिला सुचत नव्हतं. आता सांगायला हवं होतं. एक वाक्य होतं: ताई, ती गाडी आहे. चार शब्दांचं तर होतं. पण त्याने काट्याकडे पाहिलं. पाय काढावा तर बोटं थांबणार, आणि न काढावा तर हे वाढत जाणार. दाजींनी मान वळवून स्वतःच्या हाताकडे पाहिलं. मग त्याच्याकडे. आजारपणात तो चेहरा अर्धाच उरला होता. डावी बाजू काहीतरी म्हणायची आणि उजवी तिला साथ द्यायची नाही. पण डोळे दोन्ही शाबूत होते आणि ते मिस्त्रीचे डोळे होते. त्यांना सगळं कळलं होतं. शाफ्ट, हलकी बाजू, टिकली, आणि ती कुणाच्या हाताने गेली तेही. केंद्राची पाटी दिसली आणि त्याने वेग कमी केला. बोटं निजली. "दमले असतील," ताई म्हणाली.

केंद्रातल्या बाईंनी आधी हात सरळ केला, मग वाकवला, मग म्हणाल्या, "आजोबा, मूठ मिटा पाहू." दाजी आजोबा नव्हते, पण त्यांनी मानेच्या शिरा ताणून प्रयत्न केला. हात टेबलावर पडून राहिला. बाईंनी सुईने टोचलं, छोट्या हातोडीने ठोकलं, कागदावर काही लिहिलं. ताई म्हणाली, "आत्ता गाडीत हलत होता, बाई. पाचही बोटं. मी डोळ्यांनी पाहिलं." बाई वाईट नव्हत्या. त्यांनी पेन खाली ठेवलं. "ताई, गाडीच्या धक्क्याने हलतो कधी कधी. घरच्यांना तसं वाटतं." "धक्का नव्हताच मुळी! रस्ता कसा लोण्यासारखा होता. याला विचारा. माझा भाऊ आहे, गाडीतलं सगळं कळतं त्याला." आणि ती त्याच्याकडे वळली. दवाखान्यात त्याचे काळे हात धरताना जसा चेहरा होता तसाच. बाईंनी विचारलं, "गाडीला धक्के बसत होते का?" खोली लहान होती. खिडकीत एक वाळत घातलेला टॉवेल. दाजी टेबलावरच्या आपल्या हाताकडे बघत होते. बावीस वर्षं त्याने लोकांना त्यांच्या गाडीचं खरं सांगितलं होतं, कितीही वाईट असलं तरी. "नाही," तो म्हणाला. "रस्त्याचा धक्का नव्हता." यात एकही शब्द खोटा नव्हता, आणि खोटं बोलल्यावरही इतकी शरम त्याला कधी वाटली नव्हती. बाईंनी थोडा विचार केला आणि कागदावर आधीचं खोडलं. "ठीक आहे. एक महिना अजून बघू. दर गुरुवारी या."

ताई नवं कार्ड करायला रांगेत गेली. त्याने दाजींना गाडीत बसवलं आणि दार उघडंच ठेवून बाहेर गुडघ्यावर बसला. समोर त्यांचे नीट बांधलेले बूट होते. तो बुटांशीच बोलला. "दाजी, मी घासून काढली. डांबर समजून. उद्या यंत्रावर घेतो, बसवून टाकतो. ताईला पण सांगतो मी, काय ते." त्याने खिशातून टिकली काढून तळहातावर धरली. दाजी वाकून बघत राहिले. त्याला वाटलं आता ते डाव्या हाताने थोबाडीत देतील, आणि त्याला ती हवी होती. "आणि दाजी, त्या दिवशी," तो म्हणाला, "पुलापासून थाप नाही आली, मला वाटलं तसंच ठेव. मला वाटलं..." पुढचं वाक्य त्याने आठ महिने घोकलेलं होतं आणि ते तिथे नव्हतंच. दाजींच्या घशातून एक आवाज आला. हसणं असेल, रडणं असेल, अर्ध्या चेहऱ्यावरून कसं कळणार? त्यांनी डावा हात पुढे केला, दोन बोटांनी टिकली उचलली, उन्हात धरली, घासलेली बाजू अंगठ्याने चाचपली. मग मूठ मिटली. त्याने हात पसरला. "द्या दाजी, हरवेल." मूठ उघडली नाही. त्याने हलकेच बोटं सोडवून पाहिली. डाव्या हातात आता दोन्ही हातांची ताकद होती. तेवढ्यात ताई आली, कार्ड नाचवत, आणि तो उठून उभा राहिला.

परतताना उशी त्यांच्या मांडीवर नव्हती. ताईने ती स्वतःजवळ ठेवली होती, आणि दाजींचा हात तिने आपण होऊन पत्र्यावर ठेवला होता. पंजा पसरून, बोटं सुटी करून, पूर्वी ते स्वतः ठेवायचे अगदी तसा. शहर मागे पडलं. त्याने पंचाऐंशी धरले. "मघाशी कसं जमलं यांना," ताई म्हणाली, "तेव्हा तू जोरात चालवत होतास. यांना वेगाची सवय ना. वेगातच यांचा जीव. तेवढं जोरात घे ना रे." त्याने ऐकलं नाही असं केलं. ऐंशी. सांगायचं ते आत्ता, या सरळ रस्त्यावर, घर यायच्या आत. महिनाभर चार गुरुवार. चार वेळा ती अशी पुढे वाकणार, चार वेळा बाई हातोडी मारणार, आणि मग एक दिवस कार्ड परत घेतलं जाणार. त्या दिवशी ती त्याच्याकडे कसं बघेल? आणि आज सांगितलं तर आज कसं बघेल? त्याने "ताई" म्हणून हाक मारली. "काय रे?" ती म्हणाली. तिच्या आवाजात सकाळपासूनचा आनंद तसाच भरलेला होता, काठोकाठ.

टक.

काचेवर लोखंड वाजलं. डाव्या बाजूच्या काचेवर, एकदाच, स्वच्छ. त्याच्या पायाला ते डोक्याच्या आधी कळलं. "अगंबाई, काय वाजवताय? काय आहे मुठीत?" ताई हसत होती. त्याने आरशात पाहिलं नाही. दोन थापा होतील म्हणून तो थांबला. दुसरी आली नाही. ज्या माणसाला बावीस वर्षांत केसाएवढी थरथर सहन झाली नव्हती, तो माणूस ती मागत होता. पाय आपोआप खाली गेला. नव्वद. ब्याण्णव. पंचाण्णव. दातांत ते आलं आणि मागून ताईने श्वास आत ओढला.

मग काच गप्प झाली. थाप नाही, म्हणजे तसंच ठेव. काटा त्याने चिकटवल्यासारखा धरला आणि समोर बघत राहिला, एक क्षण, दोन क्षण. आणि मग रस्ता सोडून त्याने मान वळवली, आणि दाजी जिवंत आहेत का ते पाहिलं. दाजी आपल्या नाचणाऱ्या हाताकडे बघत होते. त्यांनी मान वर केली नाही. त्याने पुन्हा समोर पाहिलं, मग पुन्हा दाजींकडे, आणि घरापर्यंत तो तसाच बघत राहिला.